टेपवाल्या बाई आणि न दिसणारी सूज

डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो, एवढं वैद्यकीय ज्ञान मला लहानपणापासून होतं. त्यामुळे धाराशिवच्या बसस्टँडसमोर उभ्या असलेल्या बाईंच्या गळ्यात शिंप्याची पिवळी टेप लोंबताना पाहिली, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, "मावशी, इथं कॅन्सरचं संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. दिसल्या का कुठं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. म्हणजे चेहऱ्याकडं नव्हे, हातांकडं. उजवा दंड डाव्यापेक्षा जाड आहे, असं म्हणाल्या. मग विचारलं, "कुस्ती की आळस?"

"सगळं अंगच तसं आहे," मी म्हणालो.

"मग आळस. चला, जीपमध्ये बसा."

माझी मुलाखत ती एवढीच. त्याआधी मी एका औषध दुकानात काउंटरवर होतो आणि लोकांना न विचारता सल्ले देण्यात पटाईत होतो. संशोधनाला मदतनीस म्हणून बाईंना तसला माणूस का चालला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पुढं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला जीप चालवता येत होती, साळुंके."

त्या टेपमुळे बाईंना गावोगाव शिंपीण समजत. येरमाळ्याला एका घरी आम्ही नुसते ओसरीवर टेकलो, तर घरातली बाई ब्लाउजपीस घेऊन बाहेर आली आणि गळा खोल नको म्हणाली. मी हसायला लागलो. बाईंनी मात्र तिचे दोन्ही दंड मापून घेतले आणि सहज विचारावं तसं विचारलं, की ऑपरेशन कधी झालं, आणि कुठल्या बाजूची बाही आधी घट्ट व्हायला लागली? त्या बाईच्या हातातून ब्लाउजपीस खाली पडला. ऑपरेशनचं तिनं आम्हाला सांगितलंच नव्हतं. बाईंनी तो ब्लाउजपीस धाराशिवला नेऊन खऱ्या शिंप्याकडून शिवून आणला, डावी बाही सैल ठेवून. गळाही खोल नव्हता.

बाई मूळच्या मुरूमकडच्या. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं, पण उत्साह आला की मराठी मागं पडायची आणि "नोड्री, नोड्री" सुरू व्हायचं, म्हणजे बघा, बघा. आणि उत्साह त्यांना फार लवकर यायचा. जीप बिघडली त्या दिवशी तेरला जाणाऱ्या एसटीत एका अनोळखी बाईचा हात त्यांनी असा झडप घालून धरला, की कंडक्टरला भांडण लागलं असं वाटलं. ती बाई घाबरली, तिचा नवरा उठून उभा राहिला. आमच्या बाई तिच्या मनगटावर अंगठा दाबून, खड्डा भरून येतो का ते बघत शांत बसलेल्या. निघालं काहीच नाही. तिला गांधीलमाशी चावली होती. मी नवऱ्याची माफी मागितली, आणि तेरला उतरेपर्यंत त्यानं मला त्यांच्या गावातल्या गांधीलमाश्यांविषयी सगळं सांगितलं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. मलाही ते समजायला वेळ लागला होता. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढतात, कधी वरून किरणांचा शेकही देतात. जीव वाचतो. पण हातातलं जादा पाणी परत न्यायच्या ज्या बारीक वाटा काखेतून जातात, त्या तुटतात किंवा बुजतात. मग काहींच्या हातात ते पाणी साठायला लागतं. कुणाच्या काही महिन्यांत, कुणाच्या काही वर्षांनी, कुणाच्या कधीच नाही. एकदा हात फुगून घट्ट झाला, की तो पहिल्यासारखा होणं फार अवघड. बाई गावात हे एका दमात सांगायच्या: "पाणी वाहून न्यायची चारी तुंबली की ते रानात पसरतं. रान चिबडल्यावर मग फावडं शोधून काय उपयोग? चारी तुंबायला लागली तेव्हाच जा." बाईंच्या संशोधनाचं सार एवढंच होतं. सूज डोळ्याला दिसायच्या आधी पकडायची आणि तिथूनच परत पाठवायची.

पकडण्यासाठी आमच्याकडं दोन हत्यारं होती. एक टेप, दुसरं वजनकाट्याएवढं यंत्र. यंत्राच्या चिकटपट्ट्या हातापायाला लावायच्या. कळणारही नाही एवढी वीज त्यातून जाते आणि कुठल्या हातात पाणी जास्त आहे ते आकड्यात दिसतं. टेप मी पहिल्याच दिवशी इतकी आवळली, की बाई म्हणाल्या, "हाताला टेकू द्या नुसती. पोतं बांधत नाही आपण." यंत्राचं तर विचारूच नका. एकदा बाई नसताना मी ते स्वतःलाच लावून पाहिलं. आकडा असा काही आला, की मी घरी जाऊन हात उशीवर ठेवून आडवा झालो. बायकोनं मुगाचं वरण केलं. संध्याकाळपर्यंत कळंबहून सासरे केळी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मी क्षीण आवाजात बाईंना आकडा सांगितला. त्यांनी मला ज्योतिष्यानं दिलेलं तांब्याचं कडं काढायला सांगितलं, चुकीच्या जागी लावलेली पट्टी सरकवली आणि पुन्हा मोजलं. माझा हात ठणठणीत होता. केळी मात्र मी परत पाठवली नाहीत.

उपचारातसुद्धा बाईंची तऱ्हा वेगळी. आपल्याकडं मालिश म्हणजे माणूस ओरडला पाहिजे. बाईंचा हात इतका हलका, की गावातल्या बायकांना फसवणूक वाटायची. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, आणि सगळ्यात शेवटी तो हात, तोही कातडीवरून मोरपीस फिरवावं तसा. "दाबायचं नाही, पाण्याला वाट दाखवायची," असं म्हणत त्या सगळ्यांना शिकवायच्या. हे दाखवायला एकदा मला सतरंजीवर झोपवलं. समोर गावातल्या बायका. बाईंनी मानेवरून दोनदा बोटं फिरवली आणि मला त्यानंतरचं काही आठवत नाही. मी घोरायला लागलो, असं सांगतात. त्या दिवसापासून त्या गावात आमच्यावर विश्वास बसला.

या सगळ्याचा कस लागला तो तेरखेड्यात. तेरखेडा हे फटाक्यांचं गाव. तिथली सुमन घरात बसून फटाक्यांच्या कागदी नळ्या वळायची. कागद, खळ, लाकडी दांडी, आणि तिची बोटं अशी चालायची की मला बघताना झोप यायची, म्हणजे मला कशानंही येते, पण ते असो. तिचं ऑपरेशन झालेलं. ऑपरेशनच्या आधीच बाईंनी तिचे दोन्ही हात मोजून ठेवले होते. काही महिन्यांनी यंत्राचा आकडा वर गेला. टेप मात्र काही दाखवत नव्हती. हात डोळ्याला अगदी जसाच्या तसा.

बाईंना झालेला आनंद त्या घरात कुणालाच कळला नाही. आजार सापडला म्हणून कोण नाचतं? सुमनची सासू गयाबाई, कमरेवर हात ठेवून उभी. तिनं सुमनचा हात उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. मग म्हणाली, "दिसत न्हाय ती सूज कसली, बाई? तुमचं यंत्रच सुजलं आसंल."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. "दिसायला लागल्यावर माझा काही उपयोग नाही, गयाबाई," एवढंच म्हणाल्या.

सुमन इतका वेळ खाली बघत होती. तिनं हळूच सांगितलं, की हात तिला कधीपासून जड लागतोय. बाहेरून काही दिसत नाही, कुणाला खोटं वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. बाईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आत्ता धरलंय, परत पाठवू, असा शब्द दिला. संशोधन करणाऱ्या माणसानं असा शब्द देऊ नये, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

सुमनसाठी आणि गावातल्या आणखी काही जणींसाठी दाबाच्या बाह्या मागवल्या. ही बाही म्हणजे घट्ट विणलेल्या लवचीक कापडाचा हातमोजा, फक्त मनगटापासून दंडापर्यंत. प्रत्येकीच्या हाताच्या मापानं बनवलेली. दाब बरोबर असला, तरच पाणी वर सरकतं. बाह्या आल्या तेव्हा बाई बैठकीसाठी पुण्याला गेलेल्या. मला फोनवर सांगितलं, की बाह्या द्या, घालायच्या कशा ते दाखवा आणि परत या. आता एवढं मोठं काम आणि नुसतं देऊन परत यायचं? मला ते बरं दिसेना. मी समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला. नारळ फोडला. भाषण केलं. भाषणात "आधुनिक विज्ञान" हा शब्द मी इतक्या वेळा म्हणालो, की गयाबाईनं जांभई दिली.

बाही हातात घेऊन सुमन थबकली. आमच्याकडं नवं लुगडं आधी कुणातरी सुखी, धडधाकट बाईच्या अंगावर घालतात, मग आपण नेसतो. घडी मोडणं म्हणतात त्याला. आणि ही तर एवढ्या मोठ्या आजारातून उठलेल्या हातावर चढणारी नवी वस्तू. गयाबाईनं लेकीला पुढं केलं. सुमनची नणंद शोभा येरमाळ्याहून मुद्दाम आलेली. धडधाकट म्हणजे किती? गव्हाचं पोतं एकटी उचलणारी. सुमनची बाही तिच्या मनगटावरच अडली. मग कुणीतरी खोबरेल तेलाची बाटली आणली, दंडाला चोपडलं, आणि एका बाजूनं गयाबाई, दुसऱ्या बाजूनं मी, असं ओढून ती आम्ही चढवली. बाकीच्याही बायकांनी आपापल्या घरातली, शेजारची, तब्येतीनं सगळ्यात भरलेली बाई शोधून आणली. त्यांनी त्या बाह्या दिवसभर वागवल्या, भाकरी थापल्या, धुणं धुतलं. चांगल्या तब्येतीचा गुण कापडाला लागावा म्हणून. मला तो सोहळा फार सुंदर वाटला. मी भरपूर फोटो काढले.

पुढं काही आठवडे गेले. दुसऱ्या गावांतले आकडे खाली यायला लागले. तेरखेड्याचे जागेवरच. सुमनचा तर वर चाललेला. आता तिच्या बोटातली अंगठी निघेना. बाईंनी मापं तपासली, यंत्र तपासलं, बाह्या बनवणाऱ्याला फोन लावून भंडावून सोडलं. जेवणात लक्ष नव्हतं. जीपमध्ये मांडीवर आकड्यांची वही उघडून त्याच त्या रकान्यांवरून बोट फिरवत राहायच्या. गावात लोक विचारायला लागले होते, की चांगल्या हाताला हे काय गुंडाळलंय. गयाबाईनं ते बाईंना तोंडावर ऐकवलं. ती बाही काढून टाक म्हणून सुनेच्या मागं लागली होती, तेही सांगितलं.

सुमननं बाही काढली नव्हती. पण त्या दिवशी तिनं नळ्यांचा ढीग बाजूला सारला आणि विचारलं, "बाई, खरं सांगा. हात जायचा आसंल तर तसं सांगा. म्या नळ्या वळायचं जावंला शिकवून ठेवते."

बाईंनी गळ्यातली टेप काढून पिशवीत ठेवली. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहिलं. सूज लवकर पकडली तर ती परत जाते, या एका गोष्टीवर त्यांनी सगळं लावलं होतं. आणि ही सूज तर लवकरात लवकर पकडलेली होती.

परत येताना बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचं मन रमावं म्हणून मी घाटाच्या आधी जीप थांबवली, चहा सांगितला आणि मोबाइलवर कार्यक्रमाचे फोटो दाखवायला लागलो. आम्ही गावात किती छान वातावरण तयार केलंय, हे त्यांना कळावं. पहिला फोटो माझ्या भाषणाचा होता. तो त्यांनी पटकन पुढं सरकवला. दुसऱ्यावर बोट थांबलं.

"हा हात कुणाचा?"

"शोभाचा. सुमनची नणंद."

"आणि हा?"

"सरपंचांच्या भावजय. लई कष्टाळू बाई."

"हे चकचकतंय काय?"

"खोबरेल," मी अभिमानानं म्हणालो.

बाईंनी चहाचा कप बाकड्यावर ठेवला. एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. प्रत्येक फोटोत नवीकोरी बाही, आणि प्रत्येक बाहीत भलत्याच बाईचा, तेलानं माखलेला, दुप्पट जाडीचा हात. लवचीक कापडाला तेल लागलं आणि ते असं ताणलं, की त्यातला दाब मरतो. तेरखेड्यातल्या सगळ्या बाह्या पहिल्याच दिवशी सैल झाल्या होत्या, वरून मात्र घट्टच दिसायच्या. नंतर सुमननं ती कितीही इमानानं घातली, तरी ती नुसती बाहीच होती. दुसऱ्या गावांत बाई स्वतः बाही चढवून द्यायच्या, कुणाला घडी मोडायला वेळच मिळायचा नाही.

माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो. आणि बाई हसायला लागल्या. इतक्या, की चहावाला बघायला आला. "नोड्री, साळुंके, नोड्री," म्हणत त्या मला माझेच फोटो दाखवत होत्या. त्यांची गोष्ट खरी होती, बाही खोटी होती. हसणं थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही माझ्या संशोधनाचा जीव घेतला होतात आणि तुम्हीच वाचवलात," त्या म्हणाल्या. "पण आधी घेतलात, हे विसरू नका."

मी म्हटलं, आता गावात जाऊन बायकांना खडसावायला हवं. बाईंनी मलाच खडसावलं. त्या बायकांनी काय वाईट केलं? आजारी बाईला आपली तब्येत द्यायला निघाल्या होत्या.

नव्या बाह्या आल्या, तेव्हा त्याच समाजमंदिरात बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या. नारळ नव्हता, भाषण नव्हतं. मला कोपऱ्यात बसायला सांगितलेलं. सुमनची बाही त्यांनी उचलली आणि गयाबाईकडं वळून म्हणाल्या, "मी सुखी आहे. धडधाकट आहे. आणि हात असे काडीसारखे आहेत. घडी मी मोडली तर चालंल का?"

गयाबाईनं बाईंचा हात धरला. बाई ज्या पद्धतीनं सगळ्यांना तपासायच्या त्याच पद्धतीनं अंगठा दाबला, जरा वेळ बघितलं. "चालंल," म्हणाली. "पर आधी कुंकू लावून घ्या." मग हळदीकुंकू झालं. बाईंनी एकेक बाही कोरड्या हातावर चढवली, उतरवली आणि लगेच जिची तिला घालून दिली. पुढं पुण्याच्या बैठकीत त्यांनी हे सगळं रीतसर मांडलं. बाही पहिल्यांदा द्यायची ती घडी मोडूनच, आणि घडी मोडायची ती बारीक हाताच्या तपासनिसानं. मोठमोठे डॉक्टर हसले, असं कळलं. मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, की ही पद्धत त्यांच्याकडच्या बायकाही पाळतात का, हे शोधायला हवं. तेव्हा हसणं थांबलं.

सुमनचा आकडा पहिल्यांदा खाली आला, त्या दिवशी बाईंचा माझ्यावर विश्वास बसला नाही. स्वतः पट्ट्या लावून मोजलं, पट्ट्या काढून पुन्हा लावल्या, पुन्हा मोजलं. मग मराठी संपली. त्या कानडीत काय काय बोलत होत्या ते कुणालाच कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. गयाबाईला त्यांनी मिठी मारली, ती आखडून खांबासारखी उभी राहिली. सुमननं अंगठी बोटात गोल फिरवली. मग काढली. मग परत घातली. आणि नळ्या वळायला बसली.

सगळ्याच जणींचं असं झालं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची एक आमच्याकडं आली तेव्हाच तिचा हात घट्ट झालेला होता. तो हलका झाला, पण मागं फिरला नाही. तिच्याकडं बाई सगळ्यात जास्त वेळा जायच्या. ते संशोधनात बसत नाही, असं मी एकदा म्हणालो, तर त्या दिवशी जीप मला परत एकट्यालाच आणावी लागली. बाई मुक्कामाला तिथंच थांबल्या.

आमच्या जिल्ह्यातलं काम संपलं आणि बाई दुसऱ्या मुलखात हेच काम उभं करायला गेल्या. निरोपाला मी बसस्टँडवर भाषण करणार होतो. त्यांनी गाडीत बसताबसताच माझ्या पोटाकडं बघून रोज चालायला जायला सांगितलं आणि गाडी सुटली. जाण्याआधी बाईंनी धाराशिवला उघडलेल्या तपासणीच्या खोलीत कामाला मी राहिलो. खोली रिकामी, यंत्र कपाटात. लोक आता येतील का, हीच चिंता. ज्यांना दुखत नाही, ज्यांचं काही दिसत नाही, त्यांनी एसटीचा प्रवास करून यायचं कशाला? बाई होत्या तोवर बाई जाऊन आणायच्या. मला कोण विचारणार?

आणि एके सकाळी दारात गयाबाई. सोबत तिची धाकटी बहीण, नुकतंच ऑपरेशन झालेली, पदर घट्ट लपेटून, आपल्याला इथं का आणलंय ते न कळलेली. मी घाबरलो. हात किती सुजलाय, कधीपासून, असं भराभर विचारायला लागलो.

गयाबाईनं मला गप्प केलं. "कायबी सुजलं न्हाय," ती म्हणाली. "कायबी दिसत न्हाय. म्हणून तर आणलीया."

मला राहवलं नाही. दोघींना बसवलं आणि तसाच बाहेर येऊन बाईंना फोन लावला. गयाबाई काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. पलीकडून बाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"ती आत बसलीये ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मला काय सांगत बसलाय? फोन ठेवा, आत जा आणि मोजा."